चाल बदलली की भक्ती बदलते?

प्रार्थना किंचाळून करता येते का? प्रश्न ऐकायला चमत्कारिक वाटेल. परंतु गेली पंचवीस-तीस वर्षे अमेरिकेतील तरुणांचा एक मोठा वर्ग त्याचे उत्तर 'होय' असे देत आला आहे. 'ख्रिश्चन मेटलकोर' या नावाने ओळखला जाणारा संगीतप्रकार म्हणजे ते उत्तर. आपल्याकडील बहुतेक वाचकांनी तो ऐकला नसेल, आणि ज्यांनी मुलांच्या खोलीच्या बंद दाराआडून ऐकला असेल, त्यांना त्यात ख्रिस्त नेमका कोठे आहे, हे कळले नसेल. मात्र या संगीताच्या चाहत्यांमध्ये जो वाद आज चालतो, तो मराठी ख्रिस्ती समाजाला मुळीच नवा नाही. नगर-सोलापूरच्या मराठी मंडळ्यांत हाच वाद एका पिढीने मृदंगावरून पाहिला आणि आजची पिढी गिटारवरून पाहत आहे. म्हणून आधी तिकडचा वाद समजून घ्यावा आणि मग इकडे यावे.

हेवी मेटल आणि हार्डकोर पंक या दोन प्रवाहांच्या संकरातून मेटलकोर जन्मले. मेटलकडून त्याने गिटारचा जड, खरखरीत नाद आणि दोन्ही पायांनी वाजवायचा बेस ड्रम घेतला. पंककडून थेटपणा, संताप आणि श्रोत्यांशी असलेली अंगलट घेतली. त्याची ओळखीची खूण म्हणजे 'ब्रेकडाऊन'. गाणे भरधाव चाललेले असताना लय एकाएकी निम्म्यावर येते, सगळी वाद्ये एकाच ठोक्यावर एकवटतात आणि समोरचा जमाव त्या ठोक्यांवर अंग झोकून देतो. गायनाच्याही दोन तऱ्हा असतात. एक गायक घशातून किंचाळतो, दुसरा स्वच्छ, सुरेल आवाजात गातो, आणि गाण्याचा सारा ताण या दोन आवाजांच्या ओढाताणीत असतो. ही किंचाळी म्हणजे नुसती आरडाओरड, असे समजण्याचे कारण नाही. मूळ स्वरतंतूंच्या वर असलेल्या दुसऱ्या पडद्यांचा वापर करून ती काढावी लागते आणि तिचा रियाज असतो. रियाजाविना ती काढणाऱ्याचा घसा थोड्याच दिवसांत कामातून जातो.

या साऱ्यात देव कोठून आला? या वाद्यवृंदांचा युक्तिवाद असा, की बायबलमधील स्तोत्रसंहिता वाचून पाहा. तिच्यातील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे स्तुतीची नसून आक्रोशाची आहेत. संकटात सापडलेला माणूस देवाला जाब विचारतो, दाद मागतो, त्याच्यावर रागावतो. अखेरच्या स्तोत्रात तर मोठ्याने झणझणणाऱ्या झांजांनी देवाची स्तुती करण्याची आज्ञा आहे. मग शांत सुरावटीतच भक्ती व्हावी, हा नियम आला कोठून? युक्तिवाद सहज झटकून टाकावा असा नाही.

या प्रकारातील सर्वांत बोलका इतिहास 'अंडरओथ' या वाद्यवृंदाचा आहे. १९९७ मध्ये फ्लोरिडा राज्यात तो सुरू झाला. पहिल्या ध्वनिमुद्रणांतील त्यांचे संगीत लांबलचक, अंधारे आणि सुरेलपणाला फारशी जागा न देणारे होते. २००३ मध्ये मुख्य गायक डॅलस टेलर बाहेर पडला आणि त्याच्या जागी स्पेन्सर चेंबरलेन आला. २००४ च्या 'दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी' या अल्बममध्ये ड्रमवादक ॲरन गिलेस्पीच्या गोड आवाजाला किंचाळीच्या बरोबरीचे स्थान मिळाले. अल्बम तडाख्याने खपला आणि जुने चाहते बिथरले. हे संगीत बाजारासाठी पातळ केलेले आहे, असा त्यांचा आक्षेप होता. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, 'डिफाइन द ग्रेट लाइन' आला. तो पुन्हा जड, गुंतागुंतीचा होता, आणि तरीही अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. तेव्हा २००४ मध्ये आलेल्या चाहत्यांपैकी काहींना तो नको इतका कर्कश वाटला. थोडक्यात, जो श्रोता ज्या वळणावर आत आला, ते वळण त्याला मूळ रस्ता वाटले.

खरी फूट मात्र सुरांमुळे पडली नाही. २०१३ मध्ये विसर्जित झालेला हा वाद्यवृंद २०१५ मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१८ मध्ये त्याने 'इरेज मी' हा अल्बम काढला. आपण आता 'ख्रिश्चन बँड' म्हणवून घेत नाही, असे वादकांनी उघड सांगितले. अल्बममधील 'ऑन माय टीथ' या गाण्यात तर शिवी होती. त्याच गाण्याला पुढे ग्रॅमीचे नामांकन मिळाले, हा भाग वेगळा. सूर बदलले तेव्हा कुरकुर करून थांबलेले अनेक श्रोते पाटी उतरल्यावर खरेच दुखावले. दुसऱ्या बाजूला, इतकी वर्षे ती पाटी पाहून दूर राहिलेले आणि आता जवळ आलेले श्रोतेही होते. दोघेही एकाच गाण्याबद्दल बोलत होते. पण एकासाठी ते गाणे म्हणजे आपल्या घरातून निघून गेलेला मुलगा होता आणि दुसऱ्यासाठी नुकताच दारात आलेला पाहुणा.

भक्तिसंगीतावरच्या वादाची ही खरी मेख आहे. भांडण चालीवर चाललेले दिसते. पण चाल कोणाच्या घरची, हे प्रत्येकाचा कान आधीच ठरवून बसलेला असतो. या दृष्टीने आपल्याकडे पाहू लागले, की गोष्टी एकदम स्पष्ट होतात.

मराठीतील ख्रिस्ती गाण्याचा आरंभ फार जुना आहे. मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या हातून त्यांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या. त्या जागी त्यांना ऐकता येईल, म्हणता येईल असे काही हवे होते. स्टीफन्सने त्यासाठी युरोपातला साचा आणला नाही; ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवीच उचलली. पुढे १६८४ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि वारे उलटे फिरले. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

देशावर गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ पासून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आपले केंद्र केले आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात 'अमेरिकन मराठी मिशन'चे काम सोलापुरातही रुजले. त्यांनी आपल्याबरोबर आपली उपासना आणली आणि उपासनेबरोबर आपली गीते. ही गीते मराठीत भाषांतरित करून मूळ इंग्रजी-अमेरिकी चालींवर गायली जाऊ लागली.

येथे थोडा तांत्रिक तपशील सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यातून निघाला. इंग्रजी स्तोत्रगीतांचे छंद अक्षरे मोजून बांधलेले असतात. आठ-आठ किंवा आठ-सहा अक्षरांच्या ओळींचे. आपला छोटा अभंगही आठ-आठ अक्षरांचा, आणि मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार असा हिशेब. म्हणजे गणित जुळते, आणि भाषांतरकार बहुधा येथेच फसले. इंग्रजी ओळीत एक अक्षर हलके, पुढचे जोरकस, अशी आघातांची चाल असते. पुष्कळशा चाली हलक्या अक्षरावर सुरू होऊन दुसऱ्यावर ठोका देतात. मराठी शब्दाचा स्वाभाविक भर बहुधा आरंभी असतो. त्यामुळे इंग्रजी चालीत बसवलेल्या मराठी ओळीत ठोका नको तेथे पडतो, शब्द मधेच तुटतो, ऱ्हस्व अक्षर विनाकारण लांबते. अर्थ कळतो, पण परक्या माणसाने पाठ करून म्हटल्यासारखा. त्यात या चाली चार आवाजांच्या मेळासाठी रचलेल्या. एकाच स्वररेषेत रमणाऱ्या आपल्या कानाला तो मेळ ऐकण्याचीही सवय नव्हती.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना नेमके हे खुपले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढील बहुतेक आयुष्य नगरला अमेरिकन मिशनच्या कामात घालवले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'मुळे त्यांचे घर प्रत्येक मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. त्यांच्या संगीतविषयक कामगिरीकडे मात्र ख्रिस्ती समाजाबाहेर फारसे लक्ष गेलेले नाही. टिळकांनी शेकडो भजने, अभंग आणि पदे रचली आणि ती मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाचा कणा ठरली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत असत. हा नुसता अलंकार नव्हता. ज्या छंदात तुकोबांनी विठ्ठलाला हाक मारली, त्याच छंदात येशूला हाक मारता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

भजनाबरोबर कीर्तनही आले. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंगाचा आराखडा घेऊन त्यात उधळ्या पुत्राचे किंवा योसेफाचे आख्यान लावायचे. मधे साकी, दिंडी, पदे. साथीला टाळ, मृदंग आणि पेटी. खेड्यातील श्रोता, जो प्रवचनाला पाच मिनिटे बसत नसे, तो कीर्तनाला दोन तास बसे. मिशनलाही हे दिसत होते, त्यामुळे कीर्तनाला त्याने एकंदरीत उत्तेजनच दिले. परंतु गावच्या चौकातील कीर्तन आणि रविवारची उपासना यांत अंतर होते. चौकात जे चालते ते चर्चच्या आत चालावे का? मृदंगाची थाप पडली, की देवळाची आठवण येणारच. ज्याने देऊळ सोडून येथे यायचे ठरवले, त्याला पुन्हा देवळाचाच नाद का ऐकवायचा?

हा आक्षेप केवळ गोऱ्या मिशनऱ्यांचा होता, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. ती पुरती खरी नाही आणि येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच आहे. आषाढीला टाळ-मृदंगाचा जो गजर या जिल्ह्याच्या रस्त्यांवरून जातो, तो मराठी भक्तीचा सर्वांत ओळखीचा नाद. पण नगर-सोलापूर पट्ट्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत फार मोठा वाटा महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांचा होता. दुष्काळांच्या वर्षांत आणि नंतरही ही कुटुंबे मोठ्या संख्येने मिशनकडे आली. त्यांच्यासाठी त्या गजराचा शेवट चोखामेळ्याच्या समाधीपाशी होत होता. त्यापलीकडची पायरी त्यांची नव्हती. विठ्ठलमंदिर त्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर. टिळक वारले १९१९ मध्ये. म्हणजे टिळक ज्या नादाला 'आपला' म्हणत होते, तो त्यांच्या बाजूला बसलेल्या भावाच्या दृष्टीने दारावर थांबवणारा नाद असू शकत होता.

या समाजांचे स्वतःचे वाद्यवैभव काय कमी होते? मांग समाजाची हलगी आणि सनई यांच्यावाचून गावातील लग्न, जत्रा, मिरवणूक होत नसे. परंतु तेथेही पेच होता. हलगी ही कला असली, तरी गावकीत ती वाजवणे हे जातीचे बंधनकारक काम होते, आणि ज्या कामातून सुटका हवी म्हणून माणूस धर्म बदलतो, त्या कामाचे वाद्य तो उपासनेत आनंदाने नेईलच असे नाही. त्यामुळे 'देशी संगीत आणा' असे म्हणताना कोणाचे देशी, हा प्रश्न शिल्लकच राहत होता. टिळकांनी आणलेले देशी मुख्यतः संतकाव्याचे आणि हरिदासी कीर्तनाचे होते. परक्या इंग्रजी चालीत एक गोष्ट नक्की होती: तिला जात नव्हती. ती शिकलेला मुलगा गावच्या कोणत्याच पायरीवर बसवता येत नसे. इंग्रजी चालींना चिकटून राहिलेल्या जुन्या मंडळींना 'साहेबी वळणाचे' म्हणून हिणवण्यापूर्वी एवढे लक्षात घेतले पाहिजे, असे मला वाटते.

तरीही टिळक जिंकले. आणि ते जिंकले, याचे कारण त्यांचे तत्त्वज्ञान नसून त्यांची गीते चांगली होती, हे आहे. त्यांतली मराठी बोलणाऱ्याच्या तोंडात सहज बसते. वाद घालणाऱ्यांच्या मुलांनी ती भजने पाळण्यात ऐकली आणि नातवंडांना ती वडिलोपार्जित वाटली. स्वतः टिळकांची गोष्ट मात्र एवढ्यावर थांबली नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाची एक मोकळी बंधुसंगती काढली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत यावेत, अशी त्यांची कल्पना होती. चाल बदलली तोवर ठीक होते. पाटीच पुसट करू लागल्यावर अनेकांना ते पटले नाही. अंडरओथने पाटी काढली ती विश्वासापासून दूर जाताना, टिळकांनी ती सैल केली ती विश्वास वाढला म्हणून. दोहोंची तुलना करणे योग्य नाही. श्रोत्यांची अस्वस्थता मात्र एकाच जातीची आहे: आता हा माणूस आपला म्हणायचा की नाही?

किंचाळीचा आपण आरंभी उल्लेख केला. तिचाही मराठी अध्याय आहे आणि तो सोलापूरच्या रेल्वेमार्गावरच घडला. पुण्याहून सोलापूरकडे येताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ च्या अखेरीस एक विलक्षण प्रकार सुरू झाला. शेकडो मुली आणि स्त्रिया एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, ओरडणे, पापांची जाहीर कबुली, तासन् तास चाललेला कल्लोळ. वेल्स प्रांतातील धर्मजागृतीच्या वार्ता तेव्हा जगभर पोहोचल्या होत्या. अनेक मिशनऱ्यांना आणि बाहेरच्या टीकाकारांना हा प्रकार उन्माद वाटला. रमाबाई स्वतः संस्कृत पंडिता, पुराणिकाची कन्या. शिस्त आणि संयम त्यांच्या हाडात होता. परंतु त्यांनी या आवाजाचा बचाव केला. भारतीय बायकांनी आपल्या देवासमोर कसे रडावे, हे पाश्चात्त्य शिष्टाचाराने ठरवू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या कल्लोळातील कितीतरी जणी दुष्काळातून आणि बालवैधव्यातून वाचवून आणलेल्या होत्या. आयुष्यात प्रथमच मोठ्याने बोलण्याची परवानगी मिळालेल्या मुलींनी हळू बोलावे, ही अपेक्षाच चुकीची होती.

आता पेटीकडे वळू. आज कोणत्याही मराठी मंडळीत 'परंपरागत भजन' म्हटले, की डोळ्यांपुढे पेटी आणि तबला येतो आणि गिटार हे परके वाद्य ठरते. पण पेटी कोणाची? हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ याने घेतले. पायाने भाता चालवायचे हे वाद्य युरोपीय लोकांबरोबर भारतात आले आणि मिशनच्या प्रार्थनागृहांत वाजू लागले. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने भाता ओढायचे रूप दिले आणि ते मांडी घालून बसणाऱ्या गवयासमोर आले. त्याचेच भावंड असलेला पायऑर्गन इकडे मराठी संगीत रंगभूमीने असा आपलासा केला, की बालगंधर्वांचे गाणे त्याच्यावाचून कल्पिता येत नाही. एकच जातीचे वाद्य, एकाच काळात, एका दारी स्तोत्र वाजवीत होते आणि दुसऱ्या दारी नाट्यपद. तरीही आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ठरावीक पट्ट्यांच्या या विलायती वाद्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप होता आणि तांत्रिकदृष्ट्या तो खराच होता. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. आज गिटारविरुद्ध पेटीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा इतिहास ऐकला, तर त्यांना हसू यावे. पण म्हणून त्यांचे प्रेम खोटे ठरत नाही.

कॅथलिक मंडळींत हाच बदल वरून आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीविषयक दस्तऐवज संमत केला आणि लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा होण्याचा मार्ग मोकळा झाला. पाइप ऑर्गनचा मान राखून इतर योग्य वाद्यांनाही त्यात वाव ठेवला गेला. वसईसारख्या भागात मराठी गीतांना आणि भजनांना त्यानंतर खरा बहर आला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत १९७० साली आणखी एक घडामोड झाली. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले आणि अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट अशा वेगवेगळ्या वळणांचे लोक एका छपराखाली आले. धर्ममतांचा मेळ कागदावर बसवता आला. गाण्यांच्या सवयींचा मेळ रविवारी रविवारी बसवावा लागला.

सोलापुरात यात आणखी एक पदर मिसळतो. हे शहर मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत जगते. तेलुगू भाषकांच्या ख्रिस्ती गीतसंग्रहाचे नावच 'आंध्र क्रैस्तव कीर्तनलु' असे आहे. तिकडेही देशी कीर्तनाचा मार्ग चोखाळला गेला आणि आज हैदराबाद-आंध्रात ख्रिस्ती गीतांचा फार मोठा व्यवसाय उभा आहे. त्या गाण्यांत ढोलक, की-बोर्ड आणि चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ सर्रास असतो. तीन भाषांच्या शहरात नव्या चालीला सीमा ओलांडायला मोबाइल फोनची एक टिचकी पुरते.

आजचा वाद पेटी आणि गिटारचा आहे. ऑस्ट्रेलियातील हिलसाँगसारख्या चर्चमधून निघालेली 'वर्शिप' गीतांची शैली गेल्या दोन-तीन दशकांत जगभर पसरली. गिटार, की-बोर्ड, ड्रमसेट, पडद्यावर उमटणारे शब्द, उभे राहून आणि हात उंचावून गाणे. मराठीतही तशी गीते रचली जातात. ज्येष्ठांची तक्रार अशी असते, की या गीतांत शब्द थोडे आणि पुनरावृत्ती फार. टिळकांच्या एका कडव्यात जो विचार असतो, तो येथे सबंध गाण्यात सापडत नाही. ही तक्रार माझ्या मते बऱ्याच अंशी खरी आहे. भाषांतराचा जुना दोषही परत आला आहे. इंग्रजी चालीवर बसवलेल्या मराठी ओळीत ठोका पुन्हा नको तेथे पडू लागला आहे. दीडशे वर्षांपूर्वीची चूक नव्या वाद्यांवर वाजते आहे. परंतु पुनरावृत्तीच्या आक्षेपात एक गंमत आहे. एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत लय वाढवत नेणे हा आपल्या भजनाचा प्राण आहे. टाळकऱ्याला कोणी त्याबद्दल दोष देत नाही.

तरुणांचे म्हणणे असे, की आम्हाला जे संगीत आठवडाभर ऐकू येते, त्याच संगीतात रविवारी प्रार्थना का करू नये? टिळकांचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते. फरक इतकाच, की टिळकांना आठवडाभर ऐकू येणारे संगीत गावाचे होते आणि या मुलांना ऐकू येणारे जगाचे आहे. ही मुले अंडरओथही ऐकू शकतात.

एक मधला मार्ग काही गायकांनी काढला आहे. जुनी भजने तशीच ठेवायची, शब्दाला धक्का लावायचा नाही, आणि साथ बदलायची. असे प्रयोग ऐकले, की एक संगीतशास्त्रीय अडचण लगेच जाणवते. पुष्कळ भजने भैरवीच्या अंगाने गायली जातात आणि भैरवीत ऋषभ, गांधार, धैवत, निषाद हे चारही स्वर कोमल. हिलसाँगच्या वळणाच्या साथीत जे तीन-चार ठरावीक कॉर्ड असतात, ते मुख्यतः शुद्ध स्वरांच्या सप्तकातून आलेले. ते भैरवीच्या ओळीखाली ठेवले, की कोमल ऋषभ उघडा पडतो आणि गायक नकळत तो चढवून शुद्ध करतो. भजन गोड होते, पण भैरवी राहत नाही. षड्जाला लागून असलेल्या त्या कोमल ऋषभाचे वावडे नसलेला पाश्चात्त्य संगीतप्रकार शोधू गेले, तर तो मेटलमध्ये सापडतो. पाश्चात्त्य संगीतात ज्याला फ्रिजियन म्हणतात, ते स्वरसप्तक मेटलच्या गिटारवादकांचे आवडते, आणि त्याचे स्वर तंतोतंत भैरवीचे आहेत. मराठी भजन गिटारवर बसवणाऱ्या मुलाला त्याच्या शिक्षकाने एवढे जरी दाखवले, तरी सरावाच्या खोलीतील अर्धे भांडण कमी होईल. उरलेले अर्धे ड्रमचा आवाज किती ठेवायचा, यावर होते आणि ते बहुधा धर्मगुरूंपर्यंत जाते.